पायावरचे डोळे

१

माश्यांच्या पायांवर डोळे उगवले नाहीत, म्हणून माझी धाकटी बहीण खोटारडी ठरली. तेही बंद खोलीत नाही. बाहेरून बोलावलेल्या समितीसमोर, भरल्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर.

बाबांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून मी दवाखान्यातच मुक्काम ठोकून होते. ती आली, खोलीच्या दाराशीच थांबली आणि पाठीवरची पिशवी न उतरवता म्हणाली, "ताई, माझं कार्ड काढून घेतलं. प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"सर."

"तुझे सर? बाबांसाठी ज्यांनी कार्यक्रम पुढे ढकलला ते?"

"त्यांचा काय दोष? त्यांनी उलट सगळ्यांसमोर माझी बाजू घेतली. म्हणाले, मुलगी वाईट नाही, घरच्या ताणात असं काहीतरी करून बसली असेल, तिला माफ करा." तिचा आवाज तिथेच चिरकला. "पण मी काही केलंच नाही गं!"

घरात आम्ही तिला ठकी म्हणतो. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल होती आणि टकामका बघायची, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. त्या दिवशी संस्थेचा जिना उतरताना तिच्या पाठीमागे कुणीतरी हळूच म्हणालं होतं, "ठक."

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा झाली तर माणूस ओरडू तरी शकतो. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळाली, तर तो गुन्हा जन्मभर अंगाला चिकटून राहतो.

मी विमा कंपनीसाठी जळालेल्या गोदामांचे दावे तपासते. आग लागली की लावली, हे शोधणं माझं काम. माश्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही.

"पिशवी उतरव," मी म्हटलं. "आणि शाळेतल्या पोराला सांगतात तसं मला सगळं सांग."

२

दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर बसून तिने सांगितलं.

पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती चिमुकली फळमाशी. तिच्या अंगाच्या कणाकणात तिचे सगळे जीन असतात. त्यातले बहुतेक आपले मुकाट काम करणारे. थोडे मात्र मुकादम. मुकादमाने हुकूम सोडला की बाकीचे कामाला लागतात आणि एक अख्खा अवयव उभा राहतो.

"म्हणजे माशीच्या पायातसुद्धा डोळा करायची सगळी माहिती पडून असते," ठकी म्हणाली. "फक्त तिथे हुकूम द्यायला कुणी नसतं."

"तो तू दिलास."

"मी दिला. आईकडून पिल्लाला एक बटण येतं आणि बापाकडून ते दाबणारं बोट येतं. आईला काही होत नाही, बापालाही नाही. दोन्ही ज्या पिल्लात एकत्र येतात, त्याच्या पायावर डोळा उगवतो. लालभडक, जाळीदार, खरा डोळा."

"मग यात कुणाच्या पोटात दुखायचं काय कारण?"

ती थोडी घुटमळली. "मी ज्या जीनवर काम करते, तो नुसता हमाल आहे असं सरांचं म्हणणं. मुकादम वेगळाच, सरांनी शोधलेला. तो नसेल तर डोळा होत नाही. सरांचं सगळं नाव त्यावर आहे. आणि माझ्या माश्यांमध्ये तो हमाल एकटाच डोळा करतो."

मागे एका बैठकीत तिने फोटो दाखवले होते. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, फोटो राहू द्या, जिवंत माशी दाखवा. दिवस ठरला. ठकीने आईबाप माश्या एकत्र सोडल्या, अंडी मिळाली, अंड्यांच्या काचेच्या बाटल्या एका तबकात रचून उबेच्या कपाटात ठेवल्या. तेवढ्यात बाबांचा फोन आला. म्हणजे बाबांबद्दलचा, मी केलेला.

ती धावत आली. सरांचा निरोप आला, मी कार्यक्रम आठवडाभर पुढे ढकलतो, तू बाबांकडे बघ, त्या दिवशी थेट सभागृहातच ये. ती तशी गेली. पडद्यावर एकेक माशी आली. प्रत्येकीचे डोळे डोक्यावर, जिथे असतात तिथेच. पाय साधे पाय.

"कुणीतरी माश्या बदलल्या, ताई."

"त्या बाटल्या आता कुठे आहेत?"

"सरांनी नष्ट करायला लावल्या. आईबापांच्या मूळ बाटल्यासुद्धा. एक तेवढी अध्यक्षबाईंनी सुनावणीसाठी पुरावा म्हणून सील करून नेली."

मी उठले. "समितीपुढे तुझ्या बाजूने घरचं कुणी बोललेलं चालतं का?"

"चालतं. पण तू काय बोलणार?"

"ते मलाही अजून माहीत नाही."

३

ठकीचं सामान आणायच्या निमित्ताने मी संस्थेत गेले. पायऱ्यांपासूनच यीस्टचा आंबूस वास.

सरांची खोली स्वच्छ होती. भिंतीवर माशीच्या डोळ्याचा भलामोठा फोटो, षट्कोनी जाळीचा. त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं. आवाज असा की ऐकणाऱ्याला आपणच उगाच चिडलोय असं वाटावं.

"वडील कसे आहेत?"

"उजवी बाजू हलत नाही. सर, माश्या कुणी बदलल्या?"

"बदलल्या?" त्यांनी खिन्न मान हलवली. "ताई, बदलायला आधी तशा माश्या असाव्या लागतात. मला वाटतं पहिले फोटोच... जाऊ द्या. मुलगी हुशार आहे."

"कार्यक्रमाच्या आधी तुम्ही कुठे होता?"

"परदेशात. कार्यक्रमाच्या सकाळी उतरलो आणि विमानतळावरून थेट सभागृहात आलो. बॅगसुद्धा गाडीतच होती. त्या तबकाला माझा हात लागलेला नाही. तारीख तेवढी मी पुढे ढकलली. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?"

मला बोट ठेवायला जागा सापडेना. आत जाताना मी निखारा होते, बाहेर पडताना कोमट पाणी.

दाराशी ते म्हणाले, "तिला सांगा, चूक झाली असं लिहून दे. मी तिची पदवी वाचवेन. एकदा सुनावणी झाली की माझ्या हातात काही उरणार नाही."

साखरेत घोळलेली धमकी मी पुष्कळ ऐकली आहे. गोदामांचे मालक याच आवाजात बोलतात.

बाहेर पॅसेजमध्ये एक मुलगी कपाटाला टेकून उभी होती. ठकीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी, तिची जिवाभावाची मैत्रीण. माझ्याकडे न बघता ती पुटपुटली, "पंडितला विचारा. सर गेल्यावर कपाटाची चावी त्याच्याकडे होती."

४

पंडित हे त्याचं टोपणनाव. जो भेटेल त्याची चूक काढतो म्हणून पडलेलं. शिक्षण केव्हाच संपलं होतं, कायमची नोकरी मिळत नव्हती, आणि सगळ्या जगावर त्याचा दात होता.

तो मायक्रोस्कोपवरून डोकं वर न उचलता म्हणाला, "तिची बहीण ना तुम्ही? माझी कॉलर धरायला आलात?"

"धरण्यासारखी असेल तर धरीन. तबक सभागृहात तुम्हीच नेलंत."

"नेलं. चावीही माझ्याकडे होती. त्याआधी मी दुसऱ्या गावी शिकवायला गेलो होतो. सर परदेशी निघाले त्या दिवशी परतलो. तबक उबेच्या कपाटात, आपल्या जागेवर होतं. मी त्याला हात लावला तो कार्यक्रमाच्या सकाळी, पहिल्यांदा आणि शेवटचा."

"म्हणजे बदलायची संधी तुम्हालाच होती."

त्याने आता डोकं वर केलं. रागाने त्याचे कान लाल झाले होते. "बाई, मी माणूस वाईट असेन, पण काम गचाळ करत नाही. मला बदलायच्या असत्या तर चांगल्या धडधाकट, मुरलेल्या माश्या घातल्या असत्या. या कसल्या होत्या? नुकत्या कोषातून निघालेल्या! अंग फिकट, पंख जेमतेम उलगडलेले, पोटात जन्मल्या जन्मल्या असतो तो काळा ठिपका. असली ओली पिल्लं पडद्यावर कोण दाखवतं? मी म्हटलंसुद्धा सरांना, या अजून कोवळ्या आहेत, उद्या दाखवू. म्हणाले, समिती थांबणार नाही."

"तुम्ही ठकीच्या बाजूने का बोलला नाहीत?"

"माझ्या बाजूने कोण बोलतं इथे?" तो परत वाकला. मग खालूनच म्हणाला, "फोटो खरे होते तिचे. ती माशी मी स्वतः पाहिली होती. मला तिचा भयंकर हेवा वाटला होता. हेवा खोट्या माशीचा वाटत नाही."

५

मैत्रीण सापडली ती खाद्य शिजवायच्या खोलीत. मक्याच्या पिठाची मोठी कढई निवत ठेवलेली, आणि ती पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसत होती.

"पंडितने बदललेल्या नाहीत," मी म्हटलं.

फडकं थांबलं नाही. "मग मला काय माहीत, ताई?"

"ठकी दवाखान्यात असताना तबक कोण बघत होतं?"

"मीच. तिला शब्द दिला होता. रोज बघत होते."

"कसं होतं सगळं?"

"छान होतं. खरंच. मूळ कार्यक्रम ज्या दिवशी होता ना, म्हणजे सर निघाले त्याच दिवशी, तेव्हासुद्धा मी बघितलं. अळ्या गुबगुबीत होत्या, काचेवर चढून कोष धरत होत्या."

"तुझ्याही माश्या त्याच कपाटात असतात?"

"हो, वरच्या फळीवर. आम्ही दोघींनी एकाच दिवशी लावल्या होत्या. माझ्या तर तोवर उडायलाही..."

ती थांबली. फडकंही थांबलं.

"उडायलाही काय?"

"काही नाही."

"उडायलाही लागल्या होत्या. असंच ना?"

तिने फडकं पिळलं. त्यातून पाण्याचा थेंबही निघाला नाही, इतकं ते कोरडं होतं. "ताई, पाया पडते तुमच्या. माझ्या प्रबंधावर अजून सही व्हायची आहे. मला यात ओढू नका."

मला तेव्हा माश्यांचं गणित कळलं नव्हतं. पण भीती कळते. आणि ही मुलगी पंडितला भीत नव्हती.

६

बाबांना झोप लागली होती. ठकी त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. मी ऐकलेलं सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं. फिकट माश्यांपाशी तिने मान वर केली. काचेवर चढणाऱ्या अळ्यांपाशी ती ताडकन उभी राहिली.

"काय म्हणाली ती? कोष धरत होत्या? त्या दिवशी?"

"हो. का?"

"अगं, त्या दिवशी माश्या बाहेर पडलेल्या असायला हव्या होत्या! मूळ कार्यक्रम त्याच हिशेबाने ठरवला होता. आठवडाभर पुढे ढकलला म्हणजे माझ्या माश्या चांगल्या मुरलेल्या असायला हव्यात. नुकत्या जन्मलेल्या कशा असतील?"

"उशीर कशाने होतो?"

"थंडीने. थंड खोलीत वाढायला दुप्पट वेळ लागतो. जादा बाटल्या आम्ही तिथेच ठेवतो, म्हणजे सारखं बघावं लागत नाही."

"आणि पायावरचा डोळा? थंडीत तो होतो?"

तिच्या चेहऱ्यावर जो संताप आला तो मी कधीच पाहिला नव्हता, आणि लहानपणापासून आमची भांडणं काही साधी नव्हती.

"बोट," ती म्हणाली. "माझ्या माश्यांमधलं ते बोट उबेतच चालतं. थंडीत आपलं आखडतं तसं आखडतं. बटण दाबलंच जात नाही. आणि पायावर डोळा होणार की नाही, ते अळी असतानाच ठरतं. एकदा कोष धरला की मग कितीही ऊब द्या."

"म्हणजे माश्या बदललेल्या नव्हत्याच."

"माझ्याच होत्या. लहानपणी कुणीतरी थंडीत नेऊन ठेवल्या आणि कोष धरल्यावर परत जागेवर आणल्या."

गोदामात सगळ्यांना आठवते ती धूर दिसल्याची वेळ. ठिणगी पडलेली असते कितीतरी आधी, कापसाच्या गठ्ठ्याच्या पोटात. आम्ही सगळे कार्यक्रमाच्या सकाळकडे डोळे लावून बसलो होतो. त्या सकाळी गुन्हा झालाच नव्हता. तो झाला ठकी इथे बाबांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती त्या दिवसांत. तेव्हा पंडित गावात नव्हता. मैत्रीण होती. आणि सर होते.

मी चपला पायात सरकवल्या.

"पण सिद्ध कसं करणार?" ठकी म्हणाली. "आईबाप माश्याही मारून टाकल्या."

"एक बाटली उरली आहे," मी म्हटलं.

७

अध्यक्षबाईंचा आवाज फोनवर लाकडासारखा कोरडा होता. "सुनावणीआधी मला फोन करणं नियमात बसत नाही."

"नसेल बसत. एक वाक्य ऐका आणि फोन ठेवून द्या. तुमच्याकडच्या बाटलीतल्या माश्या जिवंत आहेत का?"

"आहेत. मी पुरावा मारत नाही."

"त्यांची पिल्लं उबेत वाढवा. सगळ्यांना नाही, पण काहींना बटण आणि बोट दोन्ही मिळेल. त्यांचे पाय बघा."

त्यांनी फोन ठेवला नाही. त्या मनात पाढे म्हणत असाव्यात, कारण पुढचं वाक्य आलं तेव्हा आवाज बदललेला होता. "थंडी?"

"हो."

"मी नवीन बाटली लावते. माझ्याच टेबलावर. निकाल काय येईल तो येईल, तुमच्या बाजूने येईलच असं समजू नका."

"समजत नाही. बाई, अजून एक. कार्यक्रम आमच्या वडिलांमुळे पुढे ढकलला, तेव्हा तुम्हाला..."

"तुमच्या वडिलांमुळे?" त्यांनी मला मध्येच तोडलं. "मला तसं कुणी सांगितलं नाही. मला कारण वेगळं सांगितलं होतं."

आणि त्यांनी ते कारण सांगितलं. फोन केव्हा बंद झाला ते मला कळलं नाही. मी तो तसाच कानाला लावून उभी होते, आणि जिन्यावरून जाणारी नर्स थांबून विचारत होती, "घरी सगळं ठीक आहे ना?"

८

सुनावणी छोट्या बैठकीच्या खोलीत झाली. सकाळचं ऊन टेबलावर आडवं पडलं होतं. समितीचे लोक एका बाजूला, सर मधोमध, पंडित आणि मैत्रीण भिंतीपाशी. ठकी माझ्या शेजारी, ताठ.

आधी सर बोलले. ठकीच्या हुशारीबद्दल, वयाबद्दल, वडिलांबद्दल. इतकं गोड बोलले की समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग अध्यक्षबाईंनी पिशवीतून एक बाटली काढली, बधिर केलेली एक माशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पडदा लावला.

माशी पडद्यावर पसरली. पुढचा पाय. पायाच्या मध्यावर एक लाल, फुगीर, जाळीदार डोळा.

पंडितच्या तोंडून "वा!" निसटलं.

"ही त्या दिवशीच्या माश्यांची मुलगी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "बाटलीचं सील मीच तोडलं आणि पुढे ती माझ्याकडेच होती. म्हणजे त्या दिवशीच्या माश्या खऱ्या होत्या."

सर म्हणाले, "मला आनंदच आहे. म्हणजे उबेचं कपाट बिघडलं असणार. बिचारीवर उगाच..."

"कपाट बिघडलं नव्हतं," मी म्हटलं. "वरच्या फळीवर हिच्या मैत्रिणीच्या माश्या होत्या. एकाच दिवशी लावलेल्या. त्या वेळेवर निघाल्या."

"मग कुणीतरी तबक चुकून थंड खोलीत नेलं असेल. ती सगळ्यांसाठी उघडी असते."

"चुकून नेलेलं तबक बरोबर कोष धरायच्या दिवशी आपोआप परत येत नाही. पण ते सोडा. थंडीत ठेवायचं काम कुणालाही जमलं असतं, हे मला मान्य आहे. मला, या भिंतीला, कुणालाही. पण नुसतं थंडीत ठेवून भागत नव्हतं. कार्यक्रम मूळ दिवशी झाला असता तर बाटल्यांत कोषच दिसले असते. समिती म्हणाली असती, माश्या निघू द्या, मग येतो. तोवर ठकी परत आली असती आणि तिने एका नजरेत थंडी ओळखली असती. ज्याला ठकीला खोटं पाडायचं होतं, त्याला दोन गोष्टी कराव्या लागणार होत्या. तबक थंडीत ठेवायचं आणि तारीख पुढे ढकलायची. थंड खोली सगळ्यांची आहे, सर. तारीख तुमच्या एकट्याची होती."

"मी ती तिच्या वडिलांसाठी ढकलली!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "उपकाराची ही फेड?"

"अध्यक्षबाई," मी म्हटलं, "तुम्हाला काय कारण सांगितलं होतं?"

अध्यक्षबाईंनी हात टेबलावर ठेवले. "मला यांचा फोन आला तेव्हा ही मुलगी नुकतीच गावी गेली होती. बाटल्यांत अंडी होती. मला सांगितलं, माश्या निघायला उशीर होणार आहे, म्हणून तारीख बदलतोय." त्या सरांकडे वळल्या. "अंडी नुकती घातलेली असताना माश्यांना उशीर होणार हे तुम्हाला कसं कळलं?"

सरांनी समोरचे कागद गोळा करायला सुरुवात केली.

भिंतीपाशी हुंदका आला. मैत्रीण उभी राहिली होती. "सरांनीच नेलं तबक. मी थंड खोलीत बघितलं. म्हणाले, तुला काही दिसलं नाही. परत आणून ठेवलं तेव्हाही मी तिथेच होते."

"त्या मुलीचा प्रयोगच चुकीचा आहे!" सर ओरडले. सगळा गोडवा एका झटक्यात उतरला. "हमालाला मुकादम म्हणते! माझं आयुष्य गेलंय त्यात! एका पोरीने चार माश्या नाचवायच्या आणि मी पुस्तकं बदलायची?"

त्यांच्यामागे पडद्यावर ती माशी होती. त्यांनी एकदाही वळून तिच्याकडे बघितलं नाही.

९

मला वाटलं, संपलं. पण संस्था नावाची चीज मी कमी ओळखून होते.

आम्हाला बाहेर बसवलं आणि परत आत बोलावलं. मघाशी डोळे पुसणारे गृहस्थ म्हणाले, "तुझ्यावरचा आरोप पूर्ण मागे. सर प्रकृतीच्या कारणाने पद सोडतील. संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे, तेव्हा ही गोष्ट या चार भिंतींत राहावी अशी आमची विनंती आहे. तुझंही भलं त्यातच आहे, बाळ."

मी तोंड उघडणार होते. ठकीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला खोटारडी ठरवलं तेव्हा सभागृह भरलेलं होतं," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण खिडकीची काच वाजेल असा होता. "तेव्हा चार भिंती कुणाला आठवल्या नाहीत. आणि प्रकृती माझ्या बाबांची बिघडली होती. यांची नाही. यांनी काय केलं ते त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर वाचून दाखवा. नाही दाखवलंत तर मी दाखवीन, आणि मी तुमच्याइतकं जपून बोलणार नाही."

गृहस्थ चुळबुळले. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "वाचून मी दाखवेन," त्या म्हणाल्या. "उद्याच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच वाचलं. एकही शब्द न गाळता, त्याच कोरड्या आवाजात. सर आले नव्हते. त्यांची खुर्ची मात्र कुणी हलवली नव्हती, आणि लोक तिच्याकडे बघत होते. सभा सुटल्यावर, ज्यांनी जिन्यात माना फिरवल्या होत्या ते ठकीभोवती गोळा झाले. अभिनंदन, शाबास, आम्हाला आधीपासूनच वाटत होतं. ती कुणाशी हसली नाही. पंडितने तेवढं अभिनंदन केलं नाही. तो म्हणाला, "आईबाप माश्या परत तयार करायला लागतील. वेळ जाईल. मी मदत करीन, पण माझं नाव पेपरवर हवं." त्यावर ती हो म्हणाली.

सगळे पांगल्यावर मैत्रीण पुढे आली. डोळे सुजलेले.

"मी शेवटी बोलले ना गं," ती म्हणाली. "सगळं सांगितलं ना?"

"सांगितलंस."

"सही अडली असती माझी. घरी आई एकटी आहे. तू माझ्या जागी असतीस तर?"

ठकी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही वितळते. लहानपणी कुणी रडलं की ही आपली खेळणी देऊन टाकायची.

"मला माहीत नाही मी काय केलं असतं," ठकी म्हणाली. "पण तू रोज रात्री फोन करून बाबा कसे आहेत विचारायचीस. ज्या दिवशी तबक थंडीत बघितलंस, त्या दिवशीही विचारलंस. मी तुला सगळं सांगितलं, त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं. आणि तू ऐकून घेतलंस."

मैत्रीण रडायला लागली.

"मी तुझी तक्रार करणार नाही. तुझा प्रबंध होऊ दे. फक्त उद्यापासून टेबल दुसरं घे."

ती वळली आणि चालायला लागली. मी तिच्या मागोमाग निघाले. संस्थेच्या फाटकापर्यंत ती इतक्या जोरात चालत होती की मला धापा टाकत तिला गाठावं लागलं.